कोरडी बोरं

बोरातलं कोकिळाला जितकं कळायचं, तितकं तिच्या सासरी, रावेरकडच्या त्या केळीवाल्या गावात कुणालाच कळत नव्हतं. आणि हे ती बोलूनही दाखवायची. बाजारात येतं ते मोठं, गुळगुळीत बोर तिच्या लेखी बोरच नव्हे. नाव मोठं, लक्षण खोटं. खरं बोर बांधावरचं, पिकून तांबूस सुरकुतलेलं. त्यातली आंबट असतील ती भोगीच्या भाजीत, वांगी-गाजर-हरभऱ्याच्या संगतीला. गोड असतील ती गुळात घोटून. उरतील ती वाळवून बोरकुटाला. उन्हाळ्यात भोकराचं लोणचं तिच्याशिवाय कुणी घालायचं नाही आणि सातपुड्यातून करवंदं आली की तिला घरातली दुसरी कामं दिसायची नाहीत. जांभळं मात्र ती मीठ लावून नुसतीच खायची. "जांभूळले शिजाडनं म्हणजे त्याना अपमान शे," असं तिचं म्हणणं. सासरी येऊन वीस वर्षं झाली, तरी खाण्यापिण्याच्या गोष्टी ती माहेरच्याच बोलीत बोलायची.

त्या माहेराचा, धरणगावकडच्या तिच्या भावाचा, वर्षभर फोन नव्हता. वडील गेल्यावर शेतावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर, असं प्रेमराज म्हणाला होता आणि ती नाही म्हणाली होती. भांडण असं झालंच नाही. नुसते फोन थांबले. दिवाळीला कुणी बोलावलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पण भाऊबीज पहिल्यांदाच चुकली त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन पोटभर रडली होती.

म्हणून संक्रांतीआधी प्रेमराजचा फोन आला, तेव्हा तिचा कानावर विश्वास बसेना. "अक्का, अंशूनं बोरन्हान शे. बोरं तूच लई ये. तुना हातनी गुळमानी बोरंबी."

अंशू म्हणजे प्रेमराजचा तान्हा मुलगा. बोरन्हाण हा प्रकार तिच्या माहेरी पूर्वी नव्हता. आता मोबाईलवर बघून बघून गावोगाव पोचलाय. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं. कोकिळाला त्याचं काही नव्हतं. भावाने बोलावलं, एवढंच तिला पुरे होतं.

सर्दीने नाक चोंदलेलं असतानाही ती शेतात गेली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागचं बोरीचं झाड तिने झोडपलं. पदर भरला, तरी झाडाखाली सडा उरला. पिशवी आणायची राहिली होती. खोलीत खिळ्याला निळी नायलॉनची थैली लटकत होती, तळाशी जाडसर वाळूसारखे थोडे दाणे. खताचे असतील, असं म्हणून तिने थैली उलटी केली, भिंतीवर दोनदा आपटली आणि बोरं भरली.

गुळात घालायची बोरं तिने घरी वेगळी काढून तीन पाण्यांनी धुतली. बोरन्हाणाची मात्र थैलीतच ठेवली. ओली बोरं घातली की चुरमुरे सादळतात, बाळाच्या अंगाला चिकटतात. बोरन्हाणाला बोरं कोरडीच लागतात, हे तिने वहिनीला फोनवर बजावूनही सांगितलं होतं.

प्रेमराजच्या घरी अंशू पाटावर बसला तेव्हा उन्हं ओसरीवरून उतरत होती. गल्लीतली पोरं भोवती दाटून बसली होती. वहिनीने, दिपमालाने, स्वतः उठून कोकिळाला पुढे बसवलं, "अक्का, पहिलं माप तुमनं," म्हणाली. कोकिळाने माप भरलं. चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे आणि बोरं अंशूच्या डोक्यावरून ओघळली. तो दचकला, मग हसला. पोरं तुटून पडली. बायकांनीही दोन-दोन बोरं उचलली. गुळातल्या बोरांची ताटली फिरत होती आणि प्रेमराज बोटं चाटत, "आई असंच करे," म्हणत होता. कोकिळाला वाटलं, सगळं सुरळीत झालं. वर्षभराचा गाळ निघून गेला.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, हितेंद्रचा फोन आला.

"मोटारीच्या खोलीतली निळी थैली तू नेली का?"

"हो. बोरं भरली तिच्यात."

पलीकडून त्याचा आवाज चढला. "त्याच्यात केळीचं दाणेदार औषध ठेयेल होतं मी. जहर आहे ते. कोणी खाल्लं तं नाही ना?"

कोकिळाची नजर पाटाकडे गेली. अंशूच्या मुठीत एक बोर होतं आणि ते तो हिरड्यांकडे नेत होता. तिने झडप घालून ते हिसकावलं. बाळाने टाहो फोडला. बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"बी घसामा अटकी जाई," ती म्हणाली.

बायका हसल्या. "अक्काले भलती भीती," कुणीतरी म्हणालं. दिपमालाने अंशूला कडेवर घेतलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

भाचा वाचला होता आणि कुणाला काही कळलं नव्हतं. इथेच गप्प बसलं तर? बोरं तर थोडीच खाल्ली असतील. थैली तिने झटकली होती. काही होणारही नाही कदाचित. आणि बोललं तर? जिने सही दिली नाही, तिनेच बोरं आणली, तिच्याच थैलीत विष निघालं. हे गाव दोन अधिक दोन करायला किती वेळ घेणार? प्रेमराजही तेच धरेल, दिपमालाही. हे दार उघडून अजून तास झाला नव्हता. ते परत लागलं तर कायमचं लागेल.

समोर शेजारच्या झुलालची मुलगी, डिंपल, फ्रॉकचा ओचा करून बोरं गोळा करत होती. सहा वर्षांची असेल. एका गालात एक बोर, दुसऱ्या गालात दुसरं. तिने कोकिळाकडे बघितलं आणि एक बोर पुढे केलं. "आत्या, तू खाय ना."

कोकिळा उठून उभी राहिली.

"कोनी बोरं खाऊ नका. तोंडमानी थुकी टाका. बोरंसले जहर लागेल शे. मनी थैलीमा औषध व्हतं."

आधी कुणाला ते खरंच वाटेना. मग एका बाईने आपल्या पोराच्या तोंडात बोट घातलं आणि एकच गोंधळ उडाला. दिपमालाने अंशूला छातीशी आवळलं. ती कोकिळाकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कोकिळाला वाटलं.

झुलालने पिकअप काढली. पोरं मागे, आया पोरांना धरून. कोकिळाने निळी थैली दुसऱ्या पिशवीत गाठ मारून घेतली आणि ती मागच्या फळीजवळ बसली. तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. गाव सुटलं तशी डिंपलच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग ती ओकली आणि आईच्या मांडीवर सैल पडली. झुलाल मागे वळून वळून बघत होता आणि गाडी कपाशीच्या गाड्यांमधून वाट काढत होती. कोकिळा देवाला विनवत होती, पोरीला वाचव. पण त्याच दमात मनातून दुसरंही निघत होतं, पोरीला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? मरणाच्या दारात लेकरू आहे आणि मला माझी पडली आहे, या विचाराची तिला किळस आली. तरी तो जाईना.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, औषध कोणतं? कोकिळाने थैली पुढे केली आणि हितेंद्रला फोन लावून दिला. त्याने डब्यावरचं नाव वाचून सांगितलं. मग सुया झाल्या, सलाइन लागली, पोरांचे कपडे काढून अंगं धुतली. अंशूला काहीच झालेलं नव्हतं. बाकीची पोरंही ठीक होती. डिंपलच्या पडद्यामागे मात्र डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा जात होत्या. कोकिळा भिंतीला टेकून त्या पडद्याकडे बघत होती.

शेवटी पडद्यामागून डिंपलचा आवाज आला. ती पाणी मागत होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "धोका टळलाय. वेळेत सांगितलंत म्हणून." झुलाल खाली बसून रडला. कोकिळाही रडली, पण तोंडाला पदर लावून, आवाज न करता.

मग प्रेमराज तिच्याजवळ येऊन बसला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा.

"अक्का, पोलीस येई ऱ्हायना. जहरनी केस शे, लिखनं पडस," तो हळू म्हणाला. "मी सांगी दिसू, चुकीमा व्हयनं. तू काय बोलू नको."

तिने मान हलवली. तो पुढे बोलत होता, आवाज तसाच मऊ.

"पन गाव काय म्हनी, तुले माहीत शे. जमीननं असं, आनि त्यामा हाई. तू सही करी टाक. मंग कोनी काय बोलाव नही."

कोकिळाने त्याच्याकडे बघितलं. तो रागात नव्हता. खरोखर तिच्या भल्याचं सांगतोय, असाच त्याचा चेहरा होता. मघापासून ती ज्या बोलण्याला भीत होती ते हेच होतं, फक्त ते कुणीतरी ओरडून म्हणेल असं तिला वाटलं होतं. पाठीवर हात ठेवून म्हणेल, असं वाटलं नव्हतं. तिला आता सगळ्यात जास्त भीती वाटली. सही दिली तर ती कबुलीच झाली असती, सगळ्यांच्या लेखी ते विष तिनेच मुद्दाम घातलेलं ठरणार होतं. नाही दिली, तरी माहेर गेलंच होतं.

हवालदार आत आला. वही उघडत त्याने विचारलं, "बोरं आणली कोणी?"

प्रेमराज उठायला लागला. कोकिळाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"सही मी कराव नही, भाऊ. आनि चुकी मनी शे, ती मीच सांगसू."

भिंतीचा आधार घेत ती हवालदारापर्यंत गेली. दिपमाला अंशूला घेऊन दाराशी उभी होती, तिने तोंड फिरवलं.

"मी आणली," कोकिळा म्हणाली.

"तुम्ही बाळाच्या कोण?"

तिने एकदा भावाकडे बघितलं. तो खाली मान घालून बसला होता.

"आत्या," ती म्हणाली. "लिहा."