सकाळी शब्द, संध्याकाळी अर्थ

मित्रांनो, जिना चढायच्या आधी जरा थांबा. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत शिरलात की डाव्या हाताला, भिंतीवर, एका बाजूला कललेला जो जुना फळा दिसायचा, तो मीच. 'फळ्याचं कसलं आलंय आयुष्य!' म्हणून हसू नका. माझ्या अंगावरच्या एका शब्दाने एका बाईचा जीव जायची वेळ आली होती. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

गिरणीच्या सुतारखात्यातल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी मला घडवलं. चांगलं सागाचं लाकूड आणि त्यावर काळाभोर रंग. मंडळाची सभा, पाणी कधी जाणार, कुणाचं लग्न, सगळं माझ्यावर लिहिलं जायचं. वरचा डावा कोपरा मात्र वाईट बातमीचा. कोण इस्पितळात आहे, कोण गेलं, कधी न्यायचं, ते तिथेच लिहायचं. माणसं येता-जाता आधी त्या कोपऱ्याकडे बघायची आणि तो रिकामा दिसला की पुढे जायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, चाळीचा ग्रुप झाला, आणि लोक माझ्या खिळ्याला ओल्या छत्र्या अडकवायला लागले. मंडळाचे सेक्रेटरी हेरंब तर उघड म्हणायचे, "काढून टाका ते धूड!"

मला वाचवलं ते अनुजाताईने. ती बँकेत नोकरी करते. चाळीतली सहावी-सातवीतली मुलं मराठी शाळेतली. आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीत, म्हणून धास्तावलेली. अनुजाताईने माझ्या खालच्या भागात त्यांच्यासाठी रोज एक अवघड इंग्रजी शब्द सुरू केला. नियम दोनच. ज्याची पाळी असेल त्याने चाळीतल्या कुणालातरी शब्द लावून वाक्य लिहायचं, कारण ओळखीच्याला चिकटलेला शब्द डोक्यातून जात नाही. आणि सकाळी नुसतं वाक्य, अर्थ संध्याकाळी. तोवर मुलांनी डोकं खाजवायचं. 'स्टबर्न' म्हणजे हट्टी, हे गंगुबाईंच्या बोक्यामुळे सगळ्यांना तोंडपाठ झालं. पोरं माझ्यापुढे घोळका करून भांडायची आणि मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटायचं.

फक्त वरच्या मजल्यावरच्या बुधाजीकाकांचं समाधान व्हायचं नाही. "अक्षर आहे की कोंबडीचे पाय? ओळ बघ कुठे चाललीय!" रोजचंच. सातवीतली अक्षदा त्यांना पार वैतागली होती. घरी मात्र बुधाजीकाका अगदी मऊ. त्यांच्या बायकोचं, शेवंतीकाकूंचं, नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना जराही धक्का बसता कामा नये. चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी काका आले, सुतळीने माझी लांबी मोजली आणि पुटपुटले, "वाकडा तो वाकडाच. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून चांगली पट्टी आणतो तुला." आणि गेले. मागोमाग अक्षदा आली. खालच्या भागात टाकी धुण्याची सूचना गच्च भरलेली. शाळेची घाई. तिने हात उंच करून वरच्या डाव्या कोपऱ्यातच ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'बुधाजी काका इज क्रिटिकल'. 'क्रिटिकल' म्हणजे सतत चुका काढणारा, एवढं तिने शोधून ठेवलं होतं. चांगली खुन्नस काढली म्हणून गालातल्या गालात हसत ती पळाली.

अगं पोरी, त्या कोपऱ्यात नको! माझा जीव तुटत होता. पण फळ्याला तोंड कुठे असतं?

चाळीला 'क्रिटिकल' हा शब्द इस्पितळातून आलेला. पेशंट क्रिटिकल आहे म्हणजे नातेवाइकांना बोलवा, दुसरा अर्थच नाही. कॉलेजात जाणारा स्वप्नील जिना उतरला, त्याने कोपरा वाचला आणि तो जागीच थबकला. माझा फोटो ग्रुपवर गेला. विचारावं तर मुलं शाळेत, अनुजाताई बँकेत. मग त्याने काकांना फोन लावला. फोन घरीच चार्जिंगला लावलेला, तो उचलला शेवंतीकाकूंनी. स्वप्नील घाबरला आणि त्याने काही न बोलता फोन ठेवला. असा फोन ज्याने त्याने केला आणि ज्याने त्याने ठेवला. काकू काय समजायचं ते समजल्या. निघताना माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, म्हणून नवरा कुठे गेलाय हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त मला.

हेरंबनी एकेका इस्पितळाला फोन लावायला सुरुवात केली. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजत होत्या. "शेवंतीला कळू देऊ नका गं," असं म्हणत गंगुबाई वर गेल्या आणि तिच्या दारातच हंबरडा फोडून बसल्या!

"कित्याक रडतंस गो? माझ्या घोवाक काय झालां?" असं आपल्या मालवणीत नवऱ्याबद्दल विचारत शेवंतीकाकू कठडा धरून उतरायला लागल्या. एक पायरी, थांबायच्या. पुन्हा एक पायरी, पुन्हा थांबायच्या. हात छातीवर. मधे पडायची कुणाचीच छाती होईना. त्या माझ्यासमोर आल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण कोपरा कसला आहे ते कळतं. त्यांनी बोट त्या अक्षरांवर ठेवलं. ते बोट बर्फासारखं गार पडलं होतं. मित्रांनो, त्या वेळी माझं लाकूड दुभंगलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

तेवढ्यात शाळेतून अक्षदा आली. गर्दी बघितली, काकूंचं बोट बघितलं आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खरं सांगायचं म्हणजे वडीलधाऱ्या माणसाची टिंगल केली हे चारचौघांत कबूल करायचं. हेरंब त्याच क्षणी मला उतरवणार, शब्द कायमचे बंद. क्षणभर ती मागे सरकली. मग गर्दीतून घुसून तिने काकूंचा हात धरला.

"काकू, काकांना काही नाही झालं! मी लिहिलंय ते. क्रिटिकल म्हणजे... म्हणजे खुसपटं काढणारा!"

"थापा मारू नको," स्वप्नील ओरडला. "मग काका आहेत कुठे?"

काकू मटकन खालच्या पायरीवर बसल्या. कुणी पाणी आणलं, कुणी टॅक्सी बोलवायला धावलं.

आणि दारातून बुधाजीकाका आले. घामाघूम, खांद्यावर लांबलचक लाकडाची पट्टी. सगळी चाळ भूत बघितल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय रे? माझी लाकडं मीच घेऊन आलोय असं काय बघताय?"

कुणालाच हसू फुटेना. गंगुबाईंनी मात्र पुन्हा हंबरडा फोडला. शेवंतीकाकूंनी नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मग अक्षदाकडे बघितलं. "ह्यां मात्र खरां लिवलंस गो बाय," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

हेरंब ओलं फडकं घेऊन पुढे झाले. "बास झाली ही इंग्रजीची थेरं. आधी पुसतो, मग फळाच काढतो."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावून वाक्य वाचलं. अक्षदा मान खाली घालून उभी. "शब्द बरोबर आहे. मी आहेच तसा. पण वाक्य संपलं की टिंब द्यायचं असतं, ते कुठाय?"

त्यांनी खडू उचलला. तो माझ्या अंगाला टेकणार तोच शेवंतीकाकूंनी त्यांचं मनगट पकडलं.

"नको. आज तुमच्या नावाच्या वाक्याक टिंब नको."

काकांनी खडू गुपचूप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक चूक तशीच राहू दिली.

हेरंबनी पुन्हा मला काढायचं नाव घेतलं नाही; आता त्या नव्या पट्टीवर मी सरळ उभा आहे. शब्द आजही येतात, पण खाली, आणि दोन-दोन अर्थ असतील तर दोन्ही, तेही सकाळीच. मित्रांनो, माझ्यावर छत्र्या अडकवू नका. अवघडातले अवघड शब्द शिका, खुशाल माझ्यावर गिरवा. पण अर्थाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवू नका रे. तोवर एखादी शेवंतीकाकू छातीवर हात ठेवून जिना उतरत असते.