बोटभर खोल

थोरला सुतार देवाचं नाव खिळ्यांसारखं तोंडात धरून असायचा. गिऱ्हाईक जरा डळमळलं की दिला ठोकून एक. "देवाच्या नावानं सांगतो, आतबाहेर साग आहे," असं म्हणून त्याने आंब्याची कितीतरी कपाटं खपवली होती. धाकट्या भावाला ते पक्कं ठाऊक होतं, कारण आंब्यावर सागाचा पापुद्रा चिकटवून पॉलिश मारायचं काम त्याचंच.

जेवणाआधी करवत बंद करून दोघांनी उभ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायची, ही त्यांच्या कारखान्यातली वडिलांपासूनची शिस्त. थोरला चर्चच्या मंडळीचा पंच, त्यामुळे आवाज खणखणीत. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' या ओळीला मात्र धाकटा हल्ली ओठ मिटून घ्यायचा.

"दातखीळ बसली का रे?" आमेन झालं की थोरला खेकसायचा.

"तुझी बसत नाही, म्हणून माझी बसते."

"लहानाचा मोठा केलाय मी तुला. पटत नसेल तर दार उघडं आहे!"

धाकट्याला ना दुसरं घर होतं, ना दुसरा कारखाना. तो पॉलिशच्या डब्याकडे वळायचा. दादाचा राग यायचाच, पण स्वतःची चीड त्याहून जास्त यायची.

अशात मंडळीच्या देवळातलं, प्रभुभोजनाची भाकर ठेवायचं मेज वाळवीने खाल्लं. नवं मेज अस्सल सागाचं करून देतो, अशी थोरल्याने भर मंडळीत देवाची शपथ वाहिली आणि नेहमीसारखं आंब्याचंच केलं. त्याची हाव देवळाच्या दारातही चपला काढत नव्हती.

मेज तयार झालं तेव्हा पाळकबाई बघायला आल्या. समोरच्या फळीवर प्रार्थनेतली 'तुझे नाव पवित्र मानले जावो' ही ओळ लिहून मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

"लिहायची कशाला? कोरून देतो की! बोटभर खोल!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पापुद्रा नखाएवढाही जाड नव्हता. बाई गेल्यावर पंचांच्या डोक्यात उजेड पडला.

"वरवर खरवड."

"कितीही वरवर केलं तरी आंबा दिसणार."

"मग खाचा पॉलिशने भरून टाक. एवढी अक्कल नाही का तुला? नाहीतर गाठोडं बांध!"

थोरला जरा बाहेर गेला तशी धाकट्याने पटाशीला धार लावली आणि ओळ कोरली, सांगितली होती तशीच, बोटभर खोल. पॉलिशच्या डब्याचं झाकण त्याने उघडलंच नाही. तपकिरी फळीवर अक्षरं पांढरीफटक उमटली.

परत आलेल्या थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पटाशी हिसकावून भिंतीवर भिरकावली. "घरभेद्या! भर ते आधी!"

तेवढ्यात पाळकबाई दारात उभ्या. अक्षरं पाहून हरखल्याच त्या. "अगंबाई, काय उठून दिसतंय! आत काय भरलंत?"

"खास कलाकुसर आहे, बाई. देवाच्या नावानं सांगतो..." थोरल्याने भावाकडे पाहिलं. त्या नजरेत अर्धी धमकी होती, अर्धी याचना. "सांग ना रे."

धाकटा बाईंकडे वळला. "काही भरलेलं नाही, बाई. आतलं लाकूडच ते. आंबा आहे. वरचा साग मीच चिकटवलाय."

बाईंनी मेजावरचा हात काढून घेतला. "पंच, हे मेज इथेच राहू द्या," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

"बांध गाठोडं," थोरला दात-ओठ खात म्हणाला. "तू माझा कोणी नाहीस."

"बांधतो. जेवणाची वेळ झालीय. आधी प्रार्थना."

करवत आधीच बंद होती. थोरल्याने सवयीने सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आणि पुढे शब्दच फुटेना. समोर ती ओळ पांढरी पडून त्याच्याकडे पाहत होती.

दातखीळ बसली का, असं विचारायची पाळी आज धाकट्याची होती. त्याने विचारलं नाही. कित्येक दिवसांनी त्याने ती ओळ मोठ्याने म्हटली, एकट्याने, आणि मग तो गाठोडं बांधायला आत गेला.