एकाच जागचा तीळ

“दाताला भोक पडतं ते समजू शकते मी. पण नाण्याला कशाला पडेल हो?”

ताईंनी मोबाइल टेबलावर सपाट ठेवला होता आणि त्याच्यावर भिंग धरलं होतं. शेजारी मेणाचं भांडं, तीन अर्धवट दाढा आणि गार होत चाललेला चहा. दुपारच्या सुट्टीत डॉक्टरीणबाई लॅबमध्ये डोकावल्या होत्या, त्याही वाकून बघू लागल्या. पडद्यावर चांदीचं जुनं नाणं होतं. मधोमध शिडांचं जहाज, भोवती अक्षरं आणि जहाजाच्या झेंड्याखाली टाचणीच्या टोकाएवढा खळगा.

“जुनं आहे ना ताई? लागलं असेल काहीतरी.”

“लागलं तर ओरखडा उठतो, कड दबते. हा बघा कसा गोल आहे. हा हवेचा बुडबुडा. धातू ओतताना साच्यात हवा अडकली की अस्सा होतो. खरी नाणी ओतत नाहीत हो, ठशाखाली दाबून काढतात. त्यांत बुडबुडा येणार कुठून? माझ्या हातून असा दात निघाला तर तुम्ही तो माझ्याच डोक्यात घालाल.”

“मी? तुमच्या डोक्यात? माझी काय टाप आहे!”

एरवी ताई हसल्या असत्या. आज त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि गार चहा एका घोटात संपवला.

छत्तीस वर्षं ताई दात बनवत होत्या. डॉक्टर बदलले, दवाखान्याचा रंग चार वेळा बदलला, मागच्या खोलीतल्या ताई तिथेच. दात बसला की पेशंट डॉक्टरांचे तोंड भरून आभार मानायचा आणि आरशात बघत बघत निघून जायचा. तो दात कोणी घडवला हे त्याला माहीत नसायचं, आणि विचारायचं त्याच्या डोक्यातही यायचं नाही. दातावर काही कोणी नाव कोरत नाही. पण रस्त्यात एखादा मोकळेपणी हसला की ताई मनात म्हणायच्या, वरचा डावीकडचा माझा. तेवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जायचा.

त्यांना नाण्यांचं वेड नव्हतं. वेड होतं ते त्यांच्या नवऱ्याला. वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करता करता घरोघरच्या जुन्या डब्यांतून नाणी गोळा करणारा हा माणूस. सगळे त्याला मीटरकाका म्हणत. जहाजाचं चित्र असलेल्या सात नाण्यांचा एक संच होता, तो त्यांनी आयुष्यभर खपून पुरा केला होता. पुरा म्हणजे कसा, तर सातातलं एक नाणं ताईंनी वाया घालवलेलं होतं.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. नवऱ्याच्या वाढदिवसाला काय द्यावं, या विचारात असताना त्यांना ते काळवंडलेलं नाणं दिसलं. ताईंच्या धंद्यात मळकट म्हणजे अर्धवट. चमक आली की काम झालं. ताईंनी नाणं गुपचूप लॅबमध्ये नेलं आणि पॉलिशच्या चाकावर असं घासलं की त्यात भांग पाडता यावा. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने नवऱ्याच्या हातावर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “छान चमकतंय.”

पुढे तीनेक वर्षांनी एक नाणेवाला घरी आला होता. ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. बाहेरून त्याचा आवाज आला, “अरेरे! जुन्या नाण्याची सगळी किंमत त्याच्या काळपटपणात असते हो. हे कुठल्या गाढवाने घासलं?” आणि लगेच नवऱ्याचा आवाज आला, “मीच.”

ताईंनी तो शब्द तीस वर्षं पोटात ठेवला. ना कधी त्याबद्दल बोलल्या, ना कधी विसरल्या.

आणि आता परवाच्या रविवारी नाणेमंडळाचं प्रदर्शन होतं. मीटरकाकांना पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं. सगळ्या जाणकारांसमोर ते घासलेलं नाणं मांडलं जाणार, पुन्हा कोणीतरी ‘गाढव’ म्हणणार आणि नवरा पुन्हा ‘मीच’ म्हणणार. ते व्हायच्या आत तसंच दुसरं नाणं आणायचं आणि गुपचूप बदलून टाकायचं, असं ताईंनी ठरवलं होतं. महिनाभर त्या मोबाइलवर शोधत होत्या. अखेर सापडलं, तर त्याला हे भोक.

“विकणारा काय म्हणतो?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तो काय म्हणणार! कडेचा फोटो मागितला, तर म्हणे कॅमेरा बिघडलाय. वजनकाट्यावर ठेवून दाखवा म्हटलं, तर म्हणे ताई, विश्वास नाही का? आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो काढा म्हटलं, तर गप्पच बसला. आणि आता हे वाचा.”

पडद्यावर मजकूर होता: ‘दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत. साइटवरून नको, थेट माझ्या खात्यात टाका, बरंच कमी करतो, उद्या घरपोच. संध्याकाळपर्यंतच.’

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इतकी घाई कसली याला?”

“थांबा, खरी गंमत पुढेच आहे.” ताईंनी बोटाने पडदा सरकवला. दुसरी जाहिरात, दुसऱ्याच विक्रेत्याचं नाव, नाण्याखाली निळ्याऐवजी लाल कापड. आणि झेंड्याखाली तोच खळगा, त्याच जागी. “दोन माणसांना एकाच जागी एकसारखा तीळ? जुळ्यांनासुद्धा नसतो. एका साच्यातली पिल्लं आहेत ही.”

“मग सुटलात की! पैसे वाचले.”

“सुटले कुठली? रविवार परवावर आलाय.”

डॉक्टरीणबाई पेशंटकडे गेल्या आणि ताई एकट्या उरल्या. तेव्हा त्यांच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं. शेवटी माणूसच आहे. त्यांना वाटलं, घेऊनच टाकावं. काळपट दिसतंय, बाकी सहांच्या रांगेत शोभेल. काचेखाली भिंग घेऊन कोण बसणार आहे? आणि नवऱ्याची नजरही हल्ली अधू झाली होती. त्यांनी अंगठा पैशांच्या बटणापर्यंत नेलासुद्धा.

समोर त्या तीन दाढा होत्या. पैकी एक ताईंनी सकाळीच मोडीत टाकून नव्याने ओतली होती. खालच्या बाजूला बुडबुडा होता, कोणाला जन्मात दिसला नसता. ताईंना स्वतःचीच लाज वाटली. परक्याच्या तोंडात कधी पोकळ दात घातला नाही, आणि नवऱ्याच्या टेबलावर पोकळ नाणं मांडायला निघाले मी?

त्यांनी विक्रेत्याला सावकाश, एकेक अक्षर दाबत लिहिलं: ‘झेंड्याखाली बुडबुडा आहे. पुढच्या वेळी साचा नीट तापवत जा.’ दोन्ही जाहिरातींची तक्रार साइटकडे केली आणि दाढ हातात घेतली. पाच मिनिटांत विक्रेत्याने त्यांना ब्लॉक करून टाकलं.

संध्याकाळी घरी मीटरकाका जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापत बसले होते. प्रत्येक नाण्याखाली ठेवायला माहितीची पट्टी.

“अहो,” ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, “ते घासलेलं नाणं रविवारी नका मांडू.”

“का बरं?”

“लोक हसतील. आणि तुम्ही परत सगळं स्वतःवर घ्याल. त्या दिवशी ऐकलं होतं मी स्वयंपाकघरातून. ‘मीच’ म्हणालात.”

काकांची कात्री थांबली. “तू ऐकलं होतंस?”

“हो.”

“म्हणजे चहात मीठ पडलं ते त्यामुळे! आणि मी समजत होतो, त्याने मला गाढव म्हटलं म्हणून तू मुद्दाम घातलंस. किती कौतुक वाटलं होतं मला!”

ताईंना हसूही आलं आणि डोळेही भरले. मग त्यांनी महिनाभराची सगळी हकिगत सांगितली, अंगठा बटणापर्यंत गेला होता तेही. काका चष्मा पुसत ऐकत होते. शेवटी उठून त्यांनी कपाटातून संच काढला. सहा नाणी कागदी पाकिटांत होती. सातवं तेवढं घट्ट झाकणाच्या, हवा न शिरणाऱ्या पारदर्शक डबीत होतं, आणि अजून लख्ख होतं.

“चांदी हवेने पुन्हा काळी पडते,” काका म्हणाले. “पडू दिली असती तर एव्हाना कोणाला कळलंही नसतं. पण तू इतकी मेहनत घेतली होतीस ना. सात खण आहेत, सात नाणी मांडणार. आता जेवायला वाढ, नाहीतर मी वाढतो.”

सातवी पट्टी मात्र त्यांनी कोपराखाली लपवून लिहिली.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात गर्दी झाली होती. मधल्या टेबलापाशी मंडळाचे अध्यक्ष ऐटीत उभे. गेल्याच आठवड्यात ऑनलाइन घेतलेलं जहाजाचं नाणं त्यांनी मखमलीवर ठेवलं होतं. ताई नवऱ्याच्या टेबलाकडे निघाल्या होत्या, पण जाता जाता त्यांची नजर पडलीच. झेंड्याखाली तीळ.

चारचौघांत बोलायचं नाही म्हणून त्या अध्यक्षांच्या अगदी जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, हे ओतीव आहे. जरा वजन करून बघता का?”

“काय?” अध्यक्षांनीच आवाज चढवला. “बाई, चाळीस वर्षं नाणी बघतोय मी. तुम्ही आपले दात बघा.”

मीटरकाकांनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. नुसते येऊन ताईंच्या शेजारी उभे राहिले. “दातच बघतायत त्या,” ते म्हणाले. “ओतलेला धातू या सभागृहात त्यांच्याइतका कोणालाच कळत नाही. मलाही नाही. काटा आणा.”

काटा आला. अध्यक्षांचं नाणं आणि काकांच्या संचातलं एक, आळीपाळीने ठेवलं. अध्यक्षांचं दोन ग्रॅम हलकं भरलं. त्यांचा चेहरा पार उतरला. चार वेळा त्यांनी काटा शून्यावर आणून पाहिला.

ताईंना बोलायची चांगली संधी होती. त्यांनी विचारलं ते एवढंच, “पैसे थेट खात्यात टाकलेत की साइटवरून?”

“साइटवरून.”

“मग अजून परत मागता येतील. मी भिंगाखालून बुडबुड्याचा नीट फोटो काढून देते. आणि त्याच साच्यातली आणखी दोन बघितलीत मी, तीही जोडा.”

अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि मीटरकाकांच्या टेबलामागे, काकांच्या खुर्चीला लावून ठेवली. “बसा ताई,” ते म्हणाले. “माझी आणखी चार नाणी आहेत. तेवढी बघून द्याल?”

मग काय, रांगच लागली. कोणी पाकिटातून, कोणी रुमालातून नाणी काढू लागले. ताई प्रत्येकाची कड फिरवून बघत, अक्षरांवरून भिंग नेत आणि नवऱ्याच्या कानात सांगत. निकाल काका मोठ्याने सांगत. इतका मोठा त्यांचा आवाज ताईंनी पहिल्यांदाच ऐकला. या धांदलीत स्वतःच्या टेबलावर काय मांडलंय ते बघायला ताईंना फुरसतच मिळाली नाही.

तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा सातव्या खणापाशी वाकला. “अरेरे,” तो म्हणाला, “हे कोणी घासलं?”

काकांनी बोटाने पट्टी दाखवली. म्हाताऱ्याने ती मोठ्याने वाचली: “जहाज, सातवं. अस्सल. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या पत्नीने स्वतःच्या हाताने चमकवलं. त्या दंततंत्रज्ञ आहेत. विकायचं नाही.”

छत्तीस वर्षांत ताईंच्या हाताखालून हजारो दात गेले, पण अमुक काम यांचं, असं कोणी कधी कुठे लिहिलं नव्हतं.

“मीच घासलं,” त्या म्हणाल्या. “नाण्यातलं काही कळत नव्हतं तेव्हा. घासायला नको होतं. पण काम बघा. एक तरी ओरखडा सापडतो का सांगा.”

म्हाताऱ्याने भिंग मागून घेतलं. डबी उजेडाकडे तिरपी केली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बराच वेळ गेला. मागची रांग थांबून राहिली.

“नाही बुवा,” तो म्हणाला. “एकही नाही.”

“सापडणारच नाही,” काका म्हणाले.

ताईंनी भिंग परत घेतलं, पदराने पुसलं आणि पुढच्या माणसापुढे हात केला.