पाचव्या पिंजऱ्यातली गुटगुटीत पिल्लं

खाल्लेलं अंगाला लागत नाही, हे दुखणं आत्याला माणसांत ठाऊक होतं. पिल्लांत ते कुणी मुद्दाम घडवून आणतं, हे तिला भाचीमुळे कळलं.

भाचीचा प्रबंधच त्यावर होता. सहा पिंजरे, प्रत्येकात चार पिल्लं. तीन पिंजऱ्यांना चांगलं खाद्य, उरलेल्या तीन पिंजऱ्यांच्या खाद्यात लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल कमी. कोंबड्यांची शेड बावीस वर्षं सांभाळणाऱ्या आत्याला तिने समजावलं, "कापड ढीगभर आहे, पण दोरा नाही. मग झबलं शिवणार कसं? पिल्लू खातं, पण मांस धरत नाही. खाल्लेलं थोडं चरबीत जातं, बरंचसं नुसतं ऊब होऊन उडून जातं."

"आणि हे तू जाणूनबुजून करतेस?"

"एकवीस दिवस फक्त. तू खाद्य टाक, वजनं लिही, मध्ये पडू नकोस."

मध्ये न पडणं आत्याला जन्मात जमलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी भाची वजनांची वही घेऊन मटकन खाली बसली. पाचव्या पिंजऱ्यातली, कमी लायसिनची पिल्लं चांगली गुटगुटीत झाली होती. तिने काटा बदलून पाहिला. तेच. "माझं गणितच चुकलंय," ती म्हणाली. "दोन वर्षं पाण्यात. सरांना सांगते आणि सोडून देते." जेवणाच्या डब्याला तिने हातही लावला नाही.

आत्याने आपला डबा पुढे ओढला.

"अंडी," ती म्हणाली.

"कसली अंडी?"

"उकडलेली. माझ्या डब्यातली दोन, रोज दुपारी. पाचव्यातलं एक फारच मरतुकडं होतं गं."

"मग एकालाच द्यायचीस."

"बाकीची तिघं काय तोंडाकडे बघत बसणार?"

"किती दिवस?"

"सात. रविवार धरून."

अंड्यात लायसिन भरपूर असतं. कोंबडीची पिल्लं अंडी खाऊन वाढली, याचं भाचीला आधी हसू आलं आणि मग रडू. पाचवा पिंजरा बाद झाला. प्रबंध कमी लायसिनच्या उरलेल्या दोन पिंजऱ्यांवर कसाबसा तरणार होता. आणखी एक बिघडला असता, तर सगळं पहिल्यापासून.

"आत्या, अजून सहा दिवस आहेत," ती हळूच म्हणाली.

आत्याने सहाव्या पिंजऱ्याकडे पाहिलं. त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू नेटाने चोच मारत होतं, पोटभर खात होतं आणि वाढत नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. तिने कमरेची शेडची किल्ली सोडून भाचीच्या हातात ठेवली. बावीस वर्षांत ती तिने साहेबांनासुद्धा दिली नव्हती.

"दुपारी तूच येत जा," ती म्हणाली. "शब्द मी देईन, पण माझ्या हातांचा भरवसा नाही."