नंदू परबचा न फुटणारा खोका

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नंदू परबचा गाळा कुठला असं विचारलं, तर लोक नंबर सांगत नाहीत. 'जिथे पोटमाळ्यावरून खोके खाली पडताना दिसतील, तोच,' असं सांगतात. नंदूची सवयच तशी. नवीन गिऱ्हाईक आलं की चहा यायच्या आत हा पोटमाळ्यावर चढणार, पुठ्ठ्याच्या खोक्यात काचेचा बल्ब घालणार आणि कठड्यावरून दणकन खाली सोडणार. मग रुबाबात जिना उतरायचा, शर्टाच्या खिशातला कटर काढायचा, खोक्याच्या पोटावर सर्रकन एक रेघ मारायची आणि आतला बल्ब अलगद गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा.

"पडला तरी फुटत नाही. परबांचा खोका आहे!"

आणि खरंच फुटत नसे. त्यात फुशारकीचा भाग कमी आणि मेहनतीचा जास्त होता. नंदूचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर नंदूने शाळेबरोबर एका खोकेवाल्याकडे चिकटवायचं काम धरलं, आणि तेव्हापासून त्याच्या नाकातला डिंकाचा वास गेलेला नाही. बल्बाचा खोका तर त्याचा लाडका. बल्बाची पितळी टोपी वरच्या गोल भोकात घट्ट बसायची, काचेचं पोट खालच्या दोन पट्ट्यांमध्ये आवळलं जायचं, आणि झाकणाची जीभ एकदा खाचेत गेली की गेली. आतला बल्ब तसूभरही हलायचा नाही. मुलगी सासरी नीट नांदावी तसा तो बल्ब नांदतो, असं नंदू म्हणायचा.

या खोक्याचं कौतुक नव्हतं ते फक्त त्याच्या आईला. द्रौपदीबाईंनी कणकवलीकडचं घर बंद केलं आणि मुंबईला मुलाकडे आल्या, तेव्हा येताना कंदिलाची काच आणली होती. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईहून नेलेली वस्तू. एस्टीत मांडीवर धरून, धोतरात गुंडाळून नेलेली. नंदूने त्या काचेसाठी खास खोका केला, चहूबाजूंनी बंद. तेव्हापासून काच घरच्या माळ्यावर सुखरूप होती आणि म्हातारीच्या नजरेस पडली नव्हती.

"बघूची झाली तर?" असं तिने एकदा विचारलं होतं.

"बघायला कशाला हवी? सेफ आहे ना, आये?" नंदू म्हणाला, आणि त्याच्या लेखी विषय संपला.

तर अशा या नंदूच्या गाळ्यात श्रावणात एक दिवस रेवती सबनीस आल्या, आणि त्या काही बल्ब फेकून दाखवा म्हणायला आल्या नव्हत्या. रेवतीबाई मुलुंडच्या. नाहूर स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये त्या जुन्या धर्तीचे बल्ब बनवत. आतली तार सोनेरी दिसणारे, हल्ली हॉटेलांत आणि हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत लटकलेले असतात ते. काच इतकी पातळ की जोरात फुंकर मारायची भीती वाटावी. देशभर कुरियरने जायचे, आणि सगळे नंदूच्या खोक्यात. गाळ्यातलं निम्मं काम त्यांचंच.

"नंदूदादा, मला तुमचा खोका आवडतो. पण माझी गिऱ्हाइकं रोज फुटक्या काचांचे फोटो पाठवतायत," त्यांनी मोबाईल पुढे केला.

"कुरियरवाले आपटतात, मॅडम. थांबा, दाखवतो." नंदूचा एक पाय जिन्यावर.

"नको हो, पाहिलंय मी ते. फुटत नाही, मान्य. पण हे बघा ना. खोका जरासुद्धा चेपलेला नाही. कोरा करकरीत. आणि आत काचाच काचा."

नंदूने फोटो पाहिले. खोका खरंच कोरा होता. कोपरेसुद्धा शाबूत.

"लोक खोटं बोलतात," तो म्हणाला, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

"सगळेच? एका पुण्याच्या आजींनी तर माफी मागितली माझी. त्या कशाला खोटं बोलतील? शनिवारी माझा पुढचा माल निघतोय. तोवर काही सुचलं नाही तर मी फोमवाल्याकडे जाते. मला वाईट वाटेल, पण काय करू?"

फोम! नंदूला कुणी कानाखाली मारली असती तर परवडलं असतं. पुठ्ठ्याच्या माणसाला फोमचं नाव म्हणजे सवतीचं नाव. रेवतीबाई गेल्यावर त्याने एकामागून एक खोके पोटमाळ्यावरून खाली टाकले. सगळे बल्ब जिवंत. चिकटवायच्या टेबलाशी बसलेली त्याची बायको मालन ते बघत होती.

"अहो, एक सांगू? खोका चेपत नाही, पडून फुटत नाही, मग बल्ब फुटतो कधी?"

"तेच कळत असतं तर काय हवं होतं, यार!" नंदू खेकसला. मालनने खांदे उडवले आणि डिंकाचा ब्रश पुन्हा हातात घेतला. या घरात खरा प्रश्न नेहमी तीच विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत तिला कुणी विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. वर्षातून एवढ्या एका दिवशी परबांचा गाळा बंद. पंचमीला काही कापायचं नाही, चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, हा द्रौपदीबाईंचा कायदा. आणि पुठ्ठा कापणारं पंचिंग मशीन म्हणजे त्यांच्या हिशेबी सगळ्यांत मोठी सुरी. नंदू देवाला फारसा भीत नसे, आईला भीत असे. त्यामुळे शनिवार डोक्यावर आलेला असतानाही तो सकाळपासून लेंगा घालून चारकोपच्याच एका सेक्टरमधल्या तळमजल्याच्या घरात येरझाऱ्या घालत होता. गाळ्यात मापाला ठेवलेले रेवतीबाईंचे बल्ब भरून दोन खोके त्याने आदल्या दिवशी घरी आणले होते. नुसते बघायला.

स्वयंपाकघरात पातोळ्या होत होत्या. नारळ आदल्या दिवशीच खवून ठेवलेला. मागच्या दारच्या कुंड्यांतली हळदीची पानं मालनने हाताने खुडून आणली होती. पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, त्यावर गूळ-खोबरं ठेवायचं, पान मधोमध मिटायचं आणि वाफवायचं. घरभर हळदीच्या पानाचा तो हिरवा, गोड वास. बाहेर आभाळ इतकं भरलेलं की दुपारीच दिवा लावावा लागला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला बल्ब फट् करून गेला.

"थांबा, माझ्याकडे आहे," नंदू म्हणाला. त्याला अचानक बरं वाटलं. निदान काहीतरी करायला मिळालं. एक खोका घेऊन आला, आणि हात आपसूक खिशाकडे गेला.

"ठेव तो कटर!" द्रौपदीबाई पाटावरूनच कडाडल्या. "आज पंचमी. कापूचा नाय, चिरूचा नाय, लहानपणापासून सांगतंय तुका."

"अगं आये, पुठ्ठाच आहे!"

"पुठ्ठो असो नायतर सोना. देवान हात दिल्यान ना? हातान उघड."

मालन पदर तोंडाला लावून हसली. नंदूने कटर परत खिशात टाकला आणि खोका हातात फिरवला. एकदा फिरवला. दोनदा फिरवला. स्वतःच्याच खोक्यापुढे तो नव्या जावयासारखा बावचळला. झाकणाची जीभ खाचेतून निघेना. नखं घातली, नख मोडलं. शेवटी जीभ निघाली, पण बल्बाची टोपी भोकात अशी बसलेली की वरून धरायला काही नाहीच. मग खालून काचेलाच हात घालावा लागला. जरा पिळलं, जरा ओढलं.

टच्च.

काच खोक्यातच फुटली. पितळी टोपी भोकात होती तशीच, अगदी ऐटीत.

 नंदूने दुसरा खोका आणला आणि मालनच्या हातात दिला. "तू उघड. सांभाळून." मालनचे हात डिंकात सरावलेले, सावकाश. तिने जीभ काढली, पट्टी दाबली, बल्ब हळू ओढला, आणि पुन्हा तोच आवाज आला. कोरा करकरीत खोका आणि आत काचाच काचा.

इतकी वर्षं खोके बनवले, आणि त्याने स्वतःचा खोका हाताने एकदाही उघडला नव्हता! नेहमी आपला कटर. सर्रकन रेघ, की झालं. पुण्याच्या आजींच्या खिशात कुठला कटर असायला? नंदूला भयंकर लाज वाटली. ती लाज त्याच्या कानांपर्यंत चढली, आणि तो खाली मान घालून काचा गोळा करू लागला.

"ऊठ आता," आई म्हणाली. "काच फुटली, नशीब नाय फुटला. खा."

ताटात वाफाळती पातोळी आली. डोकं ठिकाणावर नसलेल्या नंदूने पान एका हाताने धरलं आणि पातोळी एका टोकाला चिमटीत पकडून बाहेर ओढली. ती मधोमध तुटली आणि खोबरं ताटभर झालं.

"मेल्या, ओढतंस कित्या?" द्रौपदीबाईंनी कपाळाला हात लावला. "पातोळी पानातसून ओढून काढतत काय कोण? पान सोडवूचा. पातोळी हयच रवता." आणि त्यांनी दुसरी पातोळी घेऊन, सांध्यांनी वाकड्या झालेल्या बोटांनी पानाची वरची बाजू उचलून मागे टाकली. पान उघडं पडलं आणि पातोळी आपल्या जागी, पानाच्या शिरांची नक्षी अंगावर घेऊन, अखंड.

नंदू घास विसरून बघत राहिला.

"मालन," तो म्हणाला, "तो गेलेला बल्ब कुठे टाकलास गं?"

पुढचा अर्धा दिवस परबांच्या घरात जे चाललं होतं ते शेजाऱ्यांनी पाहिलं असतं, तर डॉक्टरला बोलावलं असतं. नंदूने जळका बल्ब हळदीच्या पानावर आडवा ठेवला, पान मिटलं, दोऱ्याने बांधलं, दोरा सोडला, पान उघडलं. पुन्हा मिटलं. मग त्याला जाड कागद हवा झाला, पण कापायची बंदी. शेवटी फाडणं म्हणजे कापणं नव्हे, असा निवाडा द्रौपदीबाईंनी दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे गेले महिने फाडले गेले. मालनने घड्या घालून दिल्या. टोपीसाठी अर्धं भोक इकडच्या पानाला, अर्धं तिकडच्या. मिटलं की पूर्ण भोक, उघडलं की बल्ब मोकळा.

"खोक्यातून बल्ब काढायचाच नाही," नंदू घरभर सांगत फिरत होता, "बल्बावरून खोका काढायचा! कळलं का? झकास ना?"

"कळला रे," आई म्हणाली. "माका पयलीच म्हायत होता. आता पातोळी खा, थंड झाली."

शनिवारी रेवतीबाई आल्या तेव्हा टेबलावर नवा खोका होता. एकाच पुठ्ठ्याचा, मधोमध घडी, कडेला ओढायची कागदी पट्टी. चहा आला. नंदू जागचा उठेना.

"आज फेकत नाही का?" रेवतीबाईंनीच विचारलं.

"फेकतो की." तो पोटमाळ्यावर चढला, आणि खोका कठड्यावर धरताना या वेळी त्याने पट्टी पुन्हा एकदा दाबून पाहिली, तसं आधी कधी केलं नव्हतं. आदल्या दिवशी मशीनवर कापून त्याने कितीतरी खोके पाडून पाहिले होते, काही बल्ब फुटलेही होते, मग मालनने आतल्या पट्ट्या एक घडी वाढवून जाड केल्या होत्या. पण ते आपल्याआपल्यात. त्याने हात सोडला. दणकन आवाज झाला.

खाली येऊन त्याने खोका उचलला आणि सरळ रेवतीबाईंच्या हातात दिला. "तुम्ही उघडा, मॅडम."

"कटर?"

"कटर नाही. ती पट्टी ओढा."

रेवतीबाईंनी पट्टी ओढली. पुठ्ठ्याची दोन्ही पानं दोन बाजूंना पडली आणि मधे बल्ब, सोनेरी तारेसकट, हात न लावता उघडा. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, परत ठेवला, खोका मिटला आणि पुन्हा उघडला. आणि मग लहान मुलीसारख्या तिसऱ्यांदा उघडून हसल्या.

"पुण्याच्या आजींना पहिला पाठवते," त्या म्हणाल्या. "नंदूदादा, फोमवाल्याला मी आजच नाही म्हणून सांगते. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"आईने पातोळ्या केल्या होत्या," नंदू म्हणाला. रेवतीबाईंना यातून काही कळलं नाही, पण मालनला इतकं हसू आलं की ती डिंकाचं भांडं घेऊन मागे निघून गेली.

त्या दिवशी गाळा बंद करण्याआधी नंदूने आणखी एक खोका केला. मोठा, एकच. घरी येऊन तो माळ्यावर चढला, जुना बंद खोका खाली काढला आणि कटरने शेवटचा कापला. कंदिलाची काच नव्या खोक्यात मिटली आणि आईच्या मांडीवर आणून ठेवली.

"उघड," तो म्हणाला.

द्रौपदीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टी ओढली. वाकड्या बोटांना काहीच कष्ट पडले नाहीत. काच समोर आली तशी त्या पुढे वाकल्या, पदराने तिच्यावरची पुठ्ठ्याची धूळ पुसली आणि वरच्या कडेजवळ बोट टेकवलं.

"हयसर बुडबुडो आसा, बघ. काचेतच. तुझो बापूस सांगी, दुकानदारान फसवल्यान. माका तोच बरो वाटता." त्या हसल्या, आणि डोळे भरून आले ते लपवायच्या फंदात पडल्या नाहीत. "किती वर्सांनी बघलंय रे."

नंदूने तो बुडबुडा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ही काच त्याने इतकी जपली होती, आणि त्यात बुडबुडा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

म्हातारीने खोका स्वतःच मिटला, पट्टी नीट दाबली आणि माळ्याकडे बोट दाखवणाऱ्या मुलाच्या हातावर चापट मारली.

"वर नको. हय ठेव, माझ्या उशाक. सकाळी परत उघडतलंय."