दुकानातला माणूस

फरहाने नर्सिंगच्या अर्जात मेलचा पत्ता टाकला तो अब्बांच्या फोनवरचा, कारण घरात धड चालणारा फोन तेवढाच. गडचांदूरच्या बाजारात गाद्या भरणाऱ्या अब्बांना, इनायतभाईंना, मेल म्हणजे काय ते या अर्जामुळेच कळलं. पण एकदा कळल्यावर ते गप्प बसतील तर ना.

फरहा चिमूरला मावशीकडे गेली, आणि नेमका तेव्हाच नागपूरच्या कॉलेजचा मेल आला. उत्पन्नाचा दाखला ताबडतोब पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. दाखला तहसीलात अडकलेला, मावशीचा फोन लागेना. मग अब्बा माइकचं बटण दाबून फोनशीच बोलले, आणि ऐकून फोनने जे लिहिलं ते धाडून मोकळे झाले.

परत आल्यावर फरहाने ते वाचलं. 'सर नमस्ते, पोरगी मावशीकडे गेली, कागद तहसीलात हाये, सीट कोनाले देऊ नका. येतानी तुमच्यासाठी चांगल्या कापसाची उशी आनतो.'

उशी. कॉलेजच्या साहेबांना उशी. फरहाचे कान तापले. सगळ्या ऑफिसने एकमेकांना दाखवून दात काढले असतील, या विचाराने तिला घास जाईना. दाखला मिळताच तो जोडून तिने नीटनेटकं लिहिलं: 'आधीचा मेल आमच्या दुकानातल्या माणसाने न विचारता पाठवला. तो अडाणी आहे. क्षमस्व.' पाठवून झाल्यावर फोनमधून पुसूनही टाकलं. हुशार पोरगी.

उत्तर आलं ते अब्बांच्या हातात. चौथी शिकलेला माणूस, अक्षरावर बोट ठेवून फरहासमोर मोठ्याने वाचत होता. "आपल्या माणसाने वेळेत कळवल्यामुळे जागा राखून ठेवली. प्रवेश निश्चित." अब्बांचा चेहरा फुलला. बोट मात्र खाली सरकत राहिलं. उत्तराखाली फरहाचा मेल जसाच्या तसा चिकटून आला होता. तो त्यांनी मनात वाचला.

"सीट भेटली, बेटा," एवढंच म्हणाले आणि पेढे आणायला गेले.

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं, असं फरहाला झालं. माफी मागायला ती दुकानात गेली आणि चहा ठेवू का विचारून परत आली. शरमेने तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हॉस्टेलसाठी कॉलेजचा फोन आला तेव्हा ती दुकानात त्यांच्या समोरच होती. पलीकडून विचारलं, "फरहाचे वडील बोलताय का?"

"नाई जी. मी दुकानातला मानूस. बाईले देतो." फोनवर तळहात ठेवून ते तिला हळूच म्हणाले, "बाप हाओ म्हनलो असतो, तं तू खोटी पडली असती ना." आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

ते आत गेले. कापूस पिंजायचं मशीन घरघरू लागलं.

"पालक म्हणून कुणाचा नंबर लिहू?" पलीकडून तिला विचारलं.

"हाच," फरहा म्हणाली. "आत्ता बोलले ते माझे वडील आहेत. तो मेलही त्यांचाच होता."

तिने हे मोठ्याने सांगितलं. पण मशीन चालू होतं, अब्बांना ऐकू गेलं नाही.