हौदातली भित्री धाकटी

मित्रांनो, डोळे कितीही बारीक केलेत तरी मी तुम्हाला दिसणार नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून फार तर आमची मालकीण दिसेल, म्हणजे जिच्या अंगात मी राहते तो जीवाणू. मी तिच्यातलं एक जुनं विकर, म्हणजे एन्झाइम आहे, श्वासाचं काम करणारं. रंगाने हिरवट आणि स्वभावाने भित्रं.

आमचं घर म्हणजे सांडपाण्याच्या पंपघराखालचा हौद. हौदाच्या भिंतीला लोखंडी शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर साचलेला असतो, आणि त्या थरात आमची मालकीण तिच्या असंख्य बहिणींसह दाटीवाटीने राहते. तिथेच मी घडले. लांब साखळ्या विणल्या गेल्या, त्यांच्या घड्यांमध्ये लोखंडाचा कण बसवलेल्या तीन चकत्या अडकवल्या गेल्या, आणि मालकिणीच्या पातळ पडद्यात मला रोवून टाकलं. पुढे मालकीण दुभंगत गेली, एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार झाल्या, आणि मी वाटणीत कुणा ना कुणाकडे जात राहिले.

माझ्या शेजारी थोरला भाऊ असतो. तोही विकरच. आमचं काम एकच. मालकिणीने खाल्लेल्या अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात, ते घ्यायचे आणि ऑक्सिजनच्या हवाली करायचे, म्हणजे त्याचं पाणी होतं. यालाच आमच्याकडे श्वास म्हणतात. पण हे करता करता थोरला पडद्याबाहेर प्रोटॉनही उपसतो, आणि त्यावर मालकिणीला ताकद मिळते. मला उपसणं जमत नाही. त्यामुळे कौतुक सगळं त्याचं. हवा भरपूर असली की मालकीण माझ्यासारख्या फारशा घडवतही नाही. चांगली कपबशी पाहुण्यांसाठी आणि कान तुटलेली घरच्यांसाठी असते ना, त्यातली मी कान तुटलेली.

मग एकदा तो वायू आला.

हौदाच्या तळाशी काळा गाळ आहे. तिथले जीवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात आणि उच्छ्वासातून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो बुडबुड्यांतून वर आला, आमच्या पडद्यात शिरला आणि थोरल्याच्या अंगात, जिथे ऑक्सिजन बसतो नेमक्या त्याच जागी, बसला. बसला तो उठेना. एवढा बलदंड थोरला, पण जागच्या जागी गप्प झाला. मी हाका मारल्या. सगळे इलेक्ट्रॉन माझ्या दारात येऊन तुंबले.

मला वाटलं, आता माझी पाळी. मी काम करत राहिले. पण तो वायू माझ्या जागेवर बसू शकला नाही. माझी घडणच वेगळी आहे, त्यात माझी काही हुशारी नाही. मालकीण त्या दिवशी माझ्या जिवावर जगली. नंतर तिने माझ्यासारख्या भराभर घडवल्या. नायट्रिक ऑक्साइड नावाचा दुसरा एक विषारी वायू आहे, तो मात्र मला धरतो. पण माझ्या हातून तो लवकर सुटतो. कुणी जंतुनाशक ओतलं तरी मी पुष्कळ वेळ तग धरते. तरीही दर वेळी मी पहिल्याइतकीच घाबरते. धीट होण्याची सवय काही लागली नाही.

पण मित्रांनो, सगळ्यात जास्त मी घाबरले ती स्वतःसाठी नव्हे.

पंपघरात दोन माणसं कामाला आहेत. एक फिटर आणि एक पंपचालक. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हे साडू. एकमेकांना साडूभाऊ म्हणतात आणि दिवसभर भांडतात. एका दुपारी पंपाच्या तोंडाशी चिंध्या अडकल्या आणि पंप बंद पडला. झाकण उघडलं. वर प्रकाशाचा गोल दिसला आणि त्यात दोन डोकी.

"काय घाण वास आहे हो!" फिटर म्हणाला. "निघू दे जरा. मग उतरतो."

"आधी दोरी बांधा," पंपचालक म्हणाला.

"दोरी? मी काय गाय आहे?"

"गाय दूध तरी देते. बांधा गुपचूप. तुमच्या बायकोला तोंड मला दाखवायचंय, तुम्हाला नाही."

"ताई म्हणा ताई. तुमच्या बायकोपेक्षा थोरली आहे ती."

कुरकुरत त्याने दोरी कमरेला बांधली आणि दुसरं टोक कठड्याला. वायू मोजायचं यंत्र खुंटीला लटकत होतं, पण त्याचे सेल संपले होते. पंपचालक चहा आणायला गेला. फिटर झाकणाशी ओणवा होऊन लांब बांबूने गाळ ढवळत बसला, चिंध्या सुटतात का बघायला. त्याला काय माहीत, त्या ढवळण्याने गाळात साठलेला सगळा वायू मोकळा होत होता! थोरला गप्प झाला. साऱ्या मालकिणींचे थोरले गप्प झाले. आम्ही धाकट्या जीव मुठीत धरून राबत होतो, आणि तेवढ्यात वरून समाधानाचा आवाज आला.

"गेला एकदाचा वास."

शिडी वाजली. बूट खाली येऊ लागले.

ऐका, माणसांच्या पेशींतही श्वासाचं विकर असतं, पण ते थोरल्याच्या भावकीतलं. हा वायू त्यालाही तसाच गप्प करतो. धाकटी माणसांत नसतेच. मी ओरडत होते, येऊ नका, तुमच्यात मी नाही! पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

"साडूभाऊ!" पंपचालक चहा घेऊन परतला होता. "कुठे निघालात? वास रस्त्यापर्यंत येतोय!"

"कसला वास? गेला कधीच. तुमचं नाकच नाजूक."

फिटरचं डोकं अजून झाकणाशीच होतं. पंपचालक गुडघ्यावर बसला आणि त्याने चहाचा पेला फिटरच्या नाकाशी धरला. "सांगा, वास कसा आहे?"

"गरम आहे."

"गरम नाही विचारलं. वास."

फिटर हुंगत राहिला. त्याने पुन्हा हुंगलं. "साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "याला वासच नाही."

वायू गेला नव्हता, त्याचं नाक गेलं होतं. हा वायू जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. त्याच वेळी फिटरचा पाय पायरीवरून सटकला. दोरी ताठ झाली. मला वाटलं, आता दुसराही खाली झेपावणार, आणि दोघेही जाणार. पण पंपचालक उतरला नाही. कठड्याला पाय रोवून, शिव्या देत, रडत, तो ओढत राहिला. बूट वर गेले. बऱ्याच वेळाने खोकल्याचा आवाज आला.

"चहा सांडला ना," फिटर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सांडू दे मेल्या!"

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी हौदात, गटारात, बंद टाकीत उतरत असेल, तर त्यांना सांगा, नाकावर विसंबू नका. आधी यंत्राने वायू मोजा, आत ताजी हवा सोडा, सुरक्षित नसेल तर उतरूच नका. आणि आत कुणी कोसळलं तर त्याच्यामागे उडी मारू नका.

आमच्या यंत्रात आता नवे सेल आहेत. झाकण उघडलं की पंपचालक आधी ते दोरीला बांधून खाली सोडतो. ते असं कर्कश किंचाळतं की माझा थरकाप उडतो. पण ते किंचाळल्यावर शिडी वाजत नाही. मग मी पुन्हा कामाला लागते.